लॉफ्ट की ब्लेंड? एका कमांडची पार्श्वभूमी

लॉफ्ट ही संगणकावर त्रिमितीय आकार घडवणाऱ्या कॅड पॅकेजांमधली कमांड: वेगवेगळे छेद (आडवे काप) जोडून ती त्यांच्यामधला आकार भरते. शब्दाचा मूळ अर्थ माळा. जहाजाच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर लांबरुंद मोकळी जागा असे आणि तिथल्या लाकडी जमिनीवर जहाजाचे छेद पूर्ण मापात आखले जात. छेदांना जोडणारी रेषा काढायला लवचिक पट्टी घ्यायची, शिशाच्या वजनांनी जागोजाग दाबून धरायची आणि ती जो बाक घेईल तो खरा मानायचा. या पट्टीचं नाव स्प्लाइन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मस्टँग विमानाचा बाह्याकार शंकुच्छेदांच्या (लंबवर्तुळ, पॅराबोला अशा वक्रांच्या) समीकरणांनी बांधला गेला, तेव्हा पट्टीची जागा आकड्यांनी घ्यायला सुरुवात केली. 1960 च्या दशकात फ्रान्समधल्या मोटार कंपन्यांचे वक्र आले, 1970 च्या दशकात नर्ब्स, म्हणजे मोजक्या बिंदूंनी (कंट्रोल पॉइंट) वक्र आणि पृष्ठभाग घडवणारं गणित.

खरा गुंता मात्र पॅरामेट्रिक सॉलिड मॉडेलिंग (माप बदललं की आपोआप बदलणारं घन मॉडेल) रुळल्यावर सुरू झाला, आणि तो आधी नावातच आहे. प्रो-इंजिनिअर या पॅकेजात (आताचं क्रिओ) वेगवेगळे छेद जोडणाऱ्या फीचरला, म्हणजे मॉडेल घडवण्याच्या पायरीला, ब्लेंड म्हणतात. एनएक्स या दुसऱ्या पॅकेजात एज ब्लेंड म्हणजे कड गोल करणं, ज्याला क्रिओवाले राउंड म्हणतात आणि बाकीचे फिलेट. छेद जोडायचे तर एनएक्समध्ये थ्रू कर्व्हज, कॅटियात मल्टि-सेक्शन, सॉलिडवर्क्समध्ये लॉफ्ट. एका पॅकेजवरून दुसऱ्यावर गेलेला माणूस पहिल्या आठवड्यात ब्लेंड शोधतो आणि कडा गोल करून बसतो.

नावापेक्षा मोठा वाद जुळणीचा. चौकोनातून गोलाकडे जाणारा डक्ट (हवा नेणारी नळी) घ्या. चौकोनाला चार कोपरे, वर्तुळाला एकही नाही. मग कोपरा वर्तुळावर नेमका कुठे उतरायचा? प्रो-इंजिनिअरने हा प्रश्न वापरणाऱ्याच्या गळ्यात घातला. प्रत्येक छेदात तुकडे सारखेच हवेत, म्हणून वर्तुळ चार ठिकाणी तोडा. शिवाय स्टार्ट पॉइंटचे (छेद जिथून सुरू होतो त्या बिंदूचे) बाण जुळवा. बाण एक कोपरा पुढे गेला की अख्खा डक्ट पिळलेल्या टॉवेलसारखा दिसे. 1995 मध्ये आलेल्या सॉलिडवर्क्सने ही अट ठेवली नाही. छेदावर तुम्ही जिथे क्लिक कराल त्याच्या जवळपासचा बिंदू धरून ते स्वतःच जोड्या लावतं. नंतर कनेक्टर (जोडी दाखवणारी रेघ) ओढून त्या बदलता येतात.

नवशिक्याला दुसरी पद्धत सोपी वाटते, आणि ती आहेच. तरी पहिलीला उगाच जाचक ठरवलं गेलं असं माझं मत. वर्तुळ स्वतःच्या हाताने तोडलेलं असलं की पीळ कुठून आला ते स्केचमध्ये दिसतं. आपोआप लागलेल्या जोड्यांत मात्र आधीचं एक माप बदललं की त्यावर बेतलेला लॉफ्ट गुपचूप कूस बदलतो, आणि ते लक्षात येतं झेब्रा पट्टे (पृष्ठभागाच्या वळणातला दोष दाखवणारे काळे-पांढरे पट्टे) लावल्यावर.

गाइड कर्व्ह (आकाराला वाट दाखवणारी रेषा), सेंटरलाइन, टोकांना टॅन्जन्सी किंवा कर्व्हेचर (दिशा किंवा बाक जुळवणं), दोन्ही दिशांनी ताबा देणारं बाउंड्री फीचर, ही सगळी भर मधल्या आकारावर पुन्हा हात ठेवता यावा म्हणून पडली. जुन्या माळ्यावरची वजनंच ती. त्यांचीही किंमत असते: छेद एकमेकांशी सुसंगत करताना सगळ्यांचे नॉट (वक्राचे तुकडे जिथे सांधतात त्या जागा) एकत्र केले जातात, कंट्रोल पॉइंट वाढतात आणि पृष्ठभाग जड होतो.

फाइल स्टेपमध्ये (वेगवेगळ्या पॅकेजांना वाचता येणाऱ्या स्वरूपात) काढून दुसऱ्या पॅकेजात उघडली की छेद, बाण, कनेक्टर सगळं मागे राहतं. तिथे तो लॉफ्टही नसतो, ब्लेंडही नाही. नुसता बी-स्प्लाइन (नर्ब्सच्याच कुळातला) पृष्ठभाग.