जेम पोर्ट वेगळा, टी-कॉन्ट वेगळा

"ग्राहकाच्या टी-कॉन्टला १०० एमबीपीएस मारलंय, तरी डाउनलोड २०० येतंय. ओएलटीच गंडलाय." जीपॉनवर, म्हणजे एकाच फायबरवरून अनेक घरांना इंटरनेट देणाऱ्या जाळ्यावर, काम करणाऱ्यांकडून हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. ओएलटी, म्हणजे ऑपरेटरकडचं यंत्र, गंडलेला नाही. टी-कॉन्ट म्हणजे ग्राहकाकडून वर जाणाऱ्या डेटाला पाळी मिळते ते खातं. डाउनलोडच्या वाटेवर अशी वस्तूच नसते, तिथे लावलेला आकडा कुणाला अडवणार? आणि याच गोंधळाचं भावंड म्हणजे "जेम पोर्टची बँडविड्थ वाढवून दे". जेम पोर्ट म्हणजे डेटाच्या तुकड्यावरची ओळखपट्टी, त्याच्या हातात वाढवून देण्यासारखी बँडविड्थ नसते.

जेम पोर्ट बहुतेकांना येतो, म्हणून तो पटकन उरकू. इथरनेट फ्रेमला (डेटाच्या तुकड्याला) ५ बाइटचं हेडर लागतं: १२ बिट लांबी, १२ बिट पोर्ट-आयडी, ३ बिट प्रकार आणि १३ बिट चूक तपासायला. ओएलटी १४९० नॅनोमीटरवर सगळ्या ओएनटींना (ग्राहकांच्या घरातल्या यंत्रांना) एकच प्रवाह पाठवतो. वाटेतला प्रकाश वाटणारा स्प्लिटर काहीही निवडत नाही, शेजाऱ्याची फ्रेमही तुमच्या ओएनटीपर्यंत येतेच. ओएनटी पोर्ट-आयडी बघतो, आपलं ठेवतो, बाकीचं टाकून देतो. एईएस-१२८ एन्क्रिप्शनही जेम पोर्टनुसारच चालू-बंद होतं. पोर्ट-आयडी ओएलटीच्या एका पॉन पोर्टपुरता वेगळा असला की झालं, शेजारच्या पॉनवर तोच नंबर चालतो. कमांडमध्ये दिसणारा 'जेम १' हा पुष्कळदा नुसता अनुक्रमांक असतो, तारेवरचा पोर्ट-आयडी निराळा असतो. व्हीलॅनशी (सेवा वेगळ्या ठेवणाऱ्या आभासी जाळ्याशी) त्याचं नातं मॅपिंगने जोडावं लागतं. थोडक्यात, जेम पोर्ट सांगतो की ही फ्रेम कुणाची.

खरी अडचण वर जाताना येते. खाली पाठवताना बोलणारा एकटा ओएलटी असतो. वर मात्र एकाच फायबरवर, १३१० नॅनोमीटरवर, ३२ किंवा ६४ ओएनटींना बोलायचं असतं, आणि दोघांचे लेझर एकदम लागले तर दोघांचाही डेटा मातीत जातो. म्हणून पाळ्या ठरतात. जीपॉनची स्वतःची फ्रेम (वेळेचा एक कप्पा, इथरनेटची फ्रेम नव्हे) १२५ मायक्रोसेकंदांची असते, सेकंदाला ८,०००. वरच्या दिशेचा वेग १.२४४ गिगाबिट, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात १९,४४० बाइट मावतात. या १९,४४० बाइटांची वाटणी ओएलटी प्रत्येक फ्रेमला खाली कळवतो. त्या यादीला बँडविड्थ मॅप म्हणतात. तिच्या प्रत्येक नोंदीत असतं काय? अ‍ॅलॉक-आयडी, काही फ्लॅग, कुठल्या बाइटपासून सुरू, कुठे थांबा, आणि शेवटी तपासणीचे ८ बिट.

जेम पोर्टचा नंबर त्या यादीत कुठेच नसतो. सगळा लेख या एका वाक्यासाठी आहे.

ओएलटी पाळी देतो ती अ‍ॅलॉक-आयडीला, म्हणजेच टी-कॉन्टला. त्या पाळीत कोणत्या जेम पोर्टच्या फ्रेम आधी भरायच्या हे ओएनटी आपल्या घरी ठरवतो. पाटाच्या पाण्यासारखं आहे हे. पाटकरी पाळी शेताला देतो. कांद्याच्या वाफ्याचं दारं आधी धरायचं की उसाचं, हे शेतकऱ्याचं काम. पाटकऱ्याकडे जाऊन "माझ्या कांद्याला पाणी वाढव" म्हणण्यात अर्थ नाही, त्याला तुमचा कांदा माहीतच नाही.

दोघांचा जन्मही वेगळा असतो, हे फारसं कुणी सांगत नाही. जेम पोर्ट ओएलटी तयार करतो आणि ओएमसीआय या व्यवस्थापनाच्या वाहिनीवरून ओएनटीत बसवतो. टी-कॉन्ट ओएनटीत मुळातच असतात. ओएनटी चालू होताना स्वतः सांगतो की माझ्याकडे इतके आहेत, आणि ओएलटी त्यांना फक्त अ‍ॅलॉक-आयडी चिकटवतो. म्हणून स्वस्तातल्या ओएनटीवर पाचवा-सहावा टी-कॉन्ट लावताना एरर आली तर लाइन प्रोफाइल (जेम आणि टी-कॉन्टची मांडणी) दहा वेळा तपासण्याआधी त्याच्याकडे मुळात किती आहेत ते बघा. ० ते २५३ मधला अ‍ॅलॉक-आयडी ओएनयू-आयडीएवढाच (ओएलटीने ओएनटीला दिलेल्या नंबराएवढाच) असतो आणि ओएमसीआय त्यावरून जातं. तुम्ही सेवेसाठी लावता ते २५६ पासून पुढचे.

यातूनच ते प्रसिद्ध कोडं निघतं: ओएनटी ऑनलाइन, पॉनचा दिवा हिरवा, मीटरवर उणे २१ डीबीएम, म्हणजे प्रकाश चांगला, आणि पीपीपीओई (ग्राहकाचं लॉगिन) काही केल्या लागत नाही. ओएमसीआय मूळच्या अ‍ॅलॉक-आयडीवरून व्यवस्थित चालू असतं, म्हणून दिवा हिरवा. पण सेवेचा जेम पोर्ट कुठल्याच टी-कॉन्टला बाइंड केलेला नसतो, किंवा केलेल्या टी-कॉन्टला डीबीए प्रोफाइल (पाळ्या वाटायचे नियम) नसतं. खालून वर पहिलं पॅकेटच निघत नाही. अशा वेळी लोक फायबरचा स्प्लाइस (जोड) पुन्हा मारतात, ओएनटी बदलतात, ग्राहकाचा राउटर रीसेट करतात. जेम पोर्टचे काउंटर बघा. खाली जाणारे आकडे हलतायत आणि वर येणारा शून्यावर बसलाय, तर फायबरला हात लावू नका.

आता व्हॉइसचं बघू, कारण हा फरक न कळल्याची सगळ्यात जास्त किंमत तिथेच मोजावी लागते. इंटरनेटचा एक जेम, टेलिफोनचा एक, दोन्ही एकाच टी-कॉन्टमध्ये. ग्राहकाचा सीसीटीव्ही क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवायला लागला की फोनवरचा आवाज तुटतो. तक्रार आली की टी-कॉन्टचं कमाल मूल्य ५० वरून १०० करतात. आवाज तरीही तुटतो, कारण अपलोड हा द्याल तेवढी जागा खाणारा प्राणी आहे. पाळी वाढली, पण पाळीच्या आतली रांग तीच राहिली. ओएमसीआयमध्ये जेम पोर्टच्या नोंदीत दोन दुवे असतात, एक टी-कॉन्टकडे आणि दुसरा प्रायॉरिटी क्यूकडे, म्हणजे प्राधान्याच्या रांगेकडे. दोन्ही जेम एकाच क्यूत असतील तर व्हॉइसचं पॅकेट सीसीटीव्हीच्या मागे उभं राहतं.

उपाय दोन. एक, टी-कॉन्ट तोच ठेवायचा, पण क्यू वेगळ्या करून स्ट्रिक्ट प्रायॉरिटी (वरची रांग नेहमी आधी) लावायची आणि ८०२.१पी चं, म्हणजे फ्रेमवरच्या प्राधान्याच्या खुणेचं, मॅपिंग नीट करायचं. हे चालतं, पण ओएनटीच्या कंपनीवर विसंबून राहावं लागतं, आणि मिश्र कंपन्यांचे ओएनटी असलेल्या नेटवर्कमध्ये कोण काय पाळेल याचा नेम नाही. दोन, व्हॉइसला वेगळा टी-कॉन्ट द्यायचा. माझं मत सरळ दुसऱ्या बाजूला आहे. जागाही फार लागत नाही. जी.७११ या आवाजाच्या कोडेकचा एक कॉल २० मिलिसेकंदांच्या पॅकेटने सेकंदाला ५० पॅकेट पाठवतो. १६० बाइट आवाज आणि सगळी हेडरं धरून एका दिशेला ९० ते १०० केबीपीएस. दोन फोनचा ओएनटी असला तरी २५६ केबीपीएस फिक्स्ड दिले की सिग्नलिंगसकट भागतं.

फिक्स्ड हा शब्द आलाच आहे तर टी-कॉन्टचे प्रकार. पाच आहेत. टाइप १ म्हणजे फिक्स्ड: पाठवायला काही असो वा नसो, पाळी मिळतेच. टाइप २ अ‍ॅश्युअर्ड: मागाल तेव्हा हमखास, न मागाल तर दुसऱ्याला. टाइप ३ म्हणजे अ‍ॅश्युअर्ड आणि वर शिल्लक राहिलं तर कमाल मर्यादेपर्यंत. टाइप ४ नुसतं उरलंसुरलं. टाइप ५ सगळ्यांची भेळ, आणि घरगुती ग्राहकाला ती लागत नाही.

यातला जो एक प्रकार नेमका चुकीच्या जागी वापरला जातो तो टाइप १. 'फिक्स्ड' ऐकायला छान वाटतं: ग्राहकाला पक्के २० एमबीपीएस दिले. हिशेब करा. एका पॉनवर ६४ ग्राहक, प्रत्येकी २० फिक्स्ड, झाले १,२८०. वरची अख्खी क्षमता १,२४४, आणि त्यातूनही लेझर लागा-विझायच्या मधल्या फटी, हेडरं आणि ओएमसीआय वजा जातात. एफईसी (चूक दुरुस्तीचे जादा बाइट) चालू असेल तर २५५ बाइटांत १६ त्याचे, म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त गेले. साठाच्या आत कुठेतरी नव्या ओएनटीचं प्रोफाइल लागायला नकार मिळतो. पॉवर उत्तम, सीरियल नंबर बरोबर, तरी जोडणी होत नाही, आणि पुन्हा बिचारा ओएनटी बदलला जातो. वाईट याचं वाटतं की त्याच वेळी निम्मे ग्राहक झोपलेले असतात आणि त्यांच्या रिकाम्या पाळ्या दर १२५ मायक्रोसेकंदाला ओढ्याला वाहून जात असतात.

लक्षात ठेवायचं इतकंच की फिक्स्ड आणि अ‍ॅश्युअर्डची बेरीज पॉनच्या क्षमतेत बसावी लागते, कमाल मूल्यांची बेरीज कितीही होऊ शकते. घरगुती इंटरनेटला टाइप ३ लावा: अ‍ॅश्युअर्ड १०,२४० केबीपीएस, कमाल प्लॅनच्या अपलोडपेक्षा थोडं वर. ६४ ग्राहकांचं अ‍ॅश्युअर्ड ६५५ एमबीपीएस होतं आणि उरलेलं ज्याला हवं त्याला. नुसता टाइप ४ लावणाऱ्यांचं सुरुवातीला बरं चालतं. पॉन भरला की संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडखळतात, कारण हमी कुणालाच दिलेली नसते.

१०,००० सोडून १०,२४० का? एका फ्रेममध्ये एक बाइट म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट, अर्थात ६४ केबीपीएस. वाटणी या मापाने होते, म्हणून पुष्कळ ओएलटी आकडा ६४ च्या पटीत उतरवून घेतात. १०,००० टाकले की ९,९८४ होतात. किरकोळ गोष्ट आहे, पण प्रोफाइलमध्ये टाकला एक आणि दिसतो दुसरा म्हणून कुणी घाबरू नये.

मग डाउनलोड कुठे आवरायचा? ओएलटीवर सर्व्हिस पोर्टला (ग्राहकाच्या सेवेच्या जोडणीला) किंवा जेमला ट्रॅफिक प्रोफाइल लावून, नाहीतर मागे बीएनजीवर (ग्राहकांचं लॉगिन आणि वेग सांभाळणाऱ्या यंत्रावर) रेडियस सर्व्हरमधून. जेम पोर्टवर मर्यादा लावता येते हे खरं आहे आणि गोंधळात तेल ओततं तेही हेच. पण ती मर्यादा म्हणजे कात्री आहे: जास्तीचं कापते, कमी पडलेलं कुठून आणून देत नाही. अपलोडला जेमवर ५० ची कात्री लावली आणि टी-कॉन्टची कमाल २० असली तर मिळणार २०. प्लॅनचा वेग बीएनजीवर ठेवावा आणि टी-कॉन्टला थोडा ढिला सोडावा हे उत्तम. प्लॅन बदलला की दोन ठिकाणी आकडे बदलायचे, त्यातलं एक ठिकाण विसरायचं, हा उद्योग त्यामुळे वाचतो.

"पण टी-कॉन्ट वाढवल्यावर डाउनलोड वाढलेलं डोळ्यांनी बघितलंय" असं कुणी म्हणालं तर ते खोटं बोलत नाहीत. टीसीपीने खाली आलेल्या डेटाची पोच वर पाठवावी लागते, साधारण दोन पॅकेटांना एक. १०० एमबीपीएस डाउनलोड म्हणजे १,५०० बाइटची सेकंदाला आठ हजारांवर पॅकेटं, चार हजारांवर पोचपावत्या, हेडरसकट ढोबळ मानाने २ ते २.५ एमबीपीएस अपलोड. टी-कॉन्टची कमाल १ एमबीपीएस ठेवली असेल तर डाउनलोड ४०-५० वर गुदमरतो. टी-कॉन्टने डाउनलोड मोजला नाही, त्याच्या पावत्या अडवल्या. यूडीपीने (पोच न मागणाऱ्या पद्धतीने) मोजा, फरक लगेच दिसेल: खाली पूर्ण वेग, वर १.

या सगळ्या घोळाचं मूळ बऱ्याचदा ईपॉन या जीपॉनसारख्याच दुसऱ्या तंत्रात असतं. छोट्या केबल ऑपरेटरांनी आधी ईपॉन घेतला आणि जीपॉनवर नंतर आले. ईपॉनमध्ये, म्हणजे २००४ च्या आयईईई ८०२.३एएच मध्ये, एलएलआयडी हा एकच नंबर असतो. फ्रेम कुणाची हेही तोच सांगतो आणि पाळीचं गेट मेसेजही त्यालाच जातं. ओळख आणि वाटणी एका जागी. तिथून आलेला माणूस जीपॉनमध्ये एलएलआयडीचा भाऊ शोधतो, त्याला जेम पोर्ट सापडतो, आणि तो वेगाचा आकडाही तिथेच शोधत बसतो. जीपॉनने ही दोन कामं मुद्दाम फोडली आहेत, म्हणूनच एका टी-कॉन्टमध्ये चार जेम ठेवता येतात. उलटही दिसतं: मल्टिकास्ट (एकच प्रवाह सगळ्यांना) टीव्हीच्या जेमला टी-कॉन्ट लागतच नाही, तो फक्त खाली वाहतो. त्याला टी-कॉन्ट 'राहिलाय' म्हणून जोडू नका.

एक्सजीएस-पॉनवर (जीपॉनच्या दहा गिगाबिटच्या पुढच्या पिढीवर) जाणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. वेग दोन्हीकडे ९.९५३ गिगाबिट, हेडर ८ बाइटचं, पोर्ट-आयडी १६ बिटांचा, अ‍ॅलॉक-आयडी १४ बिटांचा. बँडविड्थ मॅपमध्ये पोर्ट-आयडी तिथेही नाही. जुनं लाइन प्रोफाइल जसंच्या तसं उतरवताना इंटरनेटला लावलेले टाइप १ चे आकडे तेवढे काढून टाका. दहा गिगाबिटमध्ये ते खुपणार नाहीत, आणि म्हणूनच पॉन भरेपर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाहीत.