शेकरूला जोडलेलं रान लागतं

भीमाशंकरच्या रानात शेकरू आधी ऐकू येतं, मग दिसतं. वर फांद्यांत खुळखुळा वाजवल्यासारखा खडखडाट होतो, कुरतडलेल्या फळाची साल पाचोळ्यावर टपकते, आणि मान वर केली की तांबूस-विटकरी पाठ, सायीच्या रंगाचं पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट असं ते जनावर फांदीला मागचे पाय अडकवून उलटं लटकत खाताना दिसतं. अंगणातली खार शंभरेक ग्रॅमची, तर तिच्याच कुळातलं हे दीड ते दोन किलोचं. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत ‘महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?’ याचं उत्तर सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण शेकरूच राज्यप्राणी का शोभतं, हे त्याचं रान पाहिल्याशिवाय उमगत नाही.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं सगळं झाडावर. एका झेपेत ते ५-६ मीटरचं अंतर पार करतं, पण पलीकडे फांदी असेल तरच. म्हणून त्याला नुसती झाडं पुरत नाहीत, झाडांचे माथे एकमेकांना भिडलेले असावे लागतात. रानातून रुंद रस्ता गेला आणि दोन्हीकडच्या फांद्या तुटल्या, की आपल्या नकाशावर अभयारण्य अखंड असलं तरी शेकरूच्या नकाशावर त्याचे दोन तुकडे झालेले असतात. उंच झाडांच्या शेंड्यांकडे नजर टाकली की काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतात. ती त्याची घरटी. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, आणि तीही बारीक फांद्यांच्या टोकाला, जिथे जड शिकारी पोचू शकत नाही. शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की शेकरू फांदीला चिकटून इतकं निपचित पडतं की डोळ्यांसमोर असूनही हरवतं.

भीमाशंकर १९८५ साली अभयारण्य झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून आसपासच्या वाड्यांनी देवराया सांभाळल्या आहेत. देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, या एका नियमाने माथ्याला माथा भिडलेलं जुनं रान टिकलं. शेकरूला नेमकं तेच हवं होतं.

असं रान सह्याद्रीच्या माथ्यावरच का, याचं उत्तर खडकात आणि पावसात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. एकदाच नव्हे, थरावर थर चढत गेले. घाटात समोरच्या डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात, त्या याच थरांच्या. हाच काळा बेसाल्ट कोरून अजिंठा-वेरूळची लेणी झाली. पश्चिमेकडे या थरांचा कडा भिंतीसारखा उभा आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग त्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. भीमा नदी याच कड्यावर, पश्चिम किनाऱ्याच्या इतक्या जवळ उगम पावते, पण पठाराचा उतार पूर्वेकडे असल्याने तिकडेच वळते, पंढरपुरात चंद्रभागा म्हणवते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. एका राज्यात पावसाची एवढी तफावत, म्हणून दाट ओलं रान ही सह्याद्रीवरची एक अरुंद पट्टीच आहे. शेकरू मेळघाटातही आहे, फणसाडला आहे, राधानगरीला आहे. मात्र जिथे आहे तिथे झाडं जवळजवळ आहेत.

राज्यपक्षी हरियालही झाडावरचाच. पिवळ्या पायांचं हे हिरवं कबुतर वड, पिंपळ, उंबर पिकले की थव्याने उतरतं आणि पानांत असं मिसळतं की उडाल्यावरच कळतं किती होते. हरियाल जमिनीला पाय लावत नाही, असं जुने लोक सांगतात. पाणी प्यायला तो उतरतो, पण त्या समजुतीमागचं निरीक्षण पक्कं आहे.

राज्यवृक्ष आंबा. कोकणात पावसाने लाखो वर्षं धुऊन खडकातली सिलिका वाहून नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, तो तांबडा जांभा. पाणी धरून न ठेवणाऱ्या त्या जमिनीत हापूस रमला. हापूसची कोय पेरली तर हापूस उगवेलच असं नाही, उगवतो तो रायवळ. म्हणून कलमं बांधतात, आणि त्यामुळे बागेतली हापूसची सगळी झाडं म्हणजे एकाच झाडाचा विस्तार असतो. राज्यफूल ताम्हण, म्हणजेच जारूळ, कोकणात आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे ओढ्याकाठी फुलतं. चुरगळलेल्या रेशमासारख्या जांभळ्या पाकळ्यांचे तुरे नेमके १ मे, महाराष्ट्र दिनाच्या सुमारास ऐन भरात असतात.

२०१५ साली महाराष्ट्राने राज्यफुलपाखरू ठरवलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याचं नाव राणी पाकोळी, इंग्रजीत ब्लू मॉर्मन. मखमली काळे पंख, त्यांवर निळा पट्टा, पसारा १२ ते १५ सेंटिमीटर. मला मात्र त्याची अळी जास्त आवडते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी चोच लावत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. तिला बोट लावून पाहा: डोक्यामागून एक बेचकं फुटल्यासारखं बाहेर येतं आणि उग्र वास सोडतं. तिचं खाणं लिंबूवर्गीय झाडांची पानं, त्यामुळे परसात कागदी लिंबू असेल तर राणी पाकोळी शहरातही घरी येते.

२०२० मध्ये पांढरी चिप्पी हे राज्य कांदळवन वृक्ष झालं. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून चिप्पीची मुळं खुंट्यांसारखी वर येतात आणि ओहोटीला श्वास घेतात. तिचं फूल म्हणजे पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका. ते संध्याकाळी उमलतं, रात्री वटवाघळं आणि पतंग येऊन जातात, आणि सकाळी भरतीच्या पाण्यावर केसर तरंगताना दिसतात. दिवसा खाडी बघणाऱ्याला ही सगळी धांदल दिसतच नाही.

२०२३ चं मानचिन्ह म्हणजे राज्यमासा पापलेट, मालवणकडचा सरंगा. हा मान मिळण्यामागे काळजी होती. सातपाटीसारख्या बंदरांत मोठं पापलेट दुर्मीळ होत चाललं, कारण बारीक आसाच्या, म्हणजे लहान भोकांच्या जाळ्यांत अंडी घालण्याआधीच पिल्लं सापडतात. आता १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरायचं नाही, असा नियम आहे. बाजारात टोपलीत तळहाताएवढी पापलेटं दिसली तर ती १३५ मिलिमीटरची मोजपट्टी डोळ्यांसमोर आणा आणि कोळणीला विचारा, ‘मावशी, मोठं नाही का आज?’