माळ्यावरची सायकल आणि बर्फाचा चुरा

मामांनी १९७०च्या दशकात इंग्लंडहून आणलेली रेसिंग सायकल वीसेक वर्षं माळ्यावर पडून होती. खाली उतरवली तेव्हा टायरचे हातातच तुकडे पडले. चेन गंजून काठीसारखी ताठ झालेली. सीटचा दांडा तर जागचा हलेना. भंगारात द्या, असं घरी सगळ्यांचं म्हणणं. पण सीटखालच्या नळीवर एक अर्धवट सोललेला स्टिकर होता, त्यावर आकडा ५३१. तो वाचला आणि सायकल ठेवायचं ठरलं.

५३१ हे बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीचं मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद. ते १९३५ साली आलं. अशा पोलादाची फ्रेम जास्त ताठ असते असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. ताठपणा सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच असतो. एकाच मापाच्या दोन नळ्या घ्या, एक साध्या पोलादाची आणि एक ५३१ची. वजन टाकल्यावर दोन्ही सारख्याच लवतील. फरक पुढे दिसतो. साधी नळी कायमची वाकते तेवढ्या ताणाखालून ५३१ची नळी पुन्हा सरळ होते. म्हणून ती पातळ करता येते, मध्यावर अगदी ०.६ मिमीपर्यंत. टोकांना मात्र ०.९ मिमी ठेवतात, कारण जोडापाशी ताण सर्वांत जास्त असतो आणि पितळेने जोडताना तिथे सुमारे ९०० अंशांची धग लागते. टोकांना जाड, मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट रेनॉल्ड्सने १८९७ सालीच घेतलं होतं.

एवढी जुनी फ्रेम थकली नसेल का, हा प्रश्न रास्त आहे. धातू थकतातच. पण पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्या आत राहिला तर लाखो हेलकाव्यांनीही तडा जात नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. खरी भीती गंजाची, कारण गंजाने पडलेल्या खड्ड्यापासूनच तडा सुरू होतो. मी प्रत्येक जोड रॉकेलच्या फडक्याने पुसला, बॅटरीच्या उजेडात बघितला. रंगाखाली फुगवटे कुठेच नव्हते. फ्रेम शाबूत होती.

अडलं ते सीटच्या दांड्यापाशी. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा, नळी पोलादाची, मध्ये घामाचं मीठ आणि अनेक पावसाळ्यांची ओल. ही झाली एक छोटी बॅटरीच! अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं. झिजून जी पांढरी भुकटी तयार होते तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, आणि ती फटीत पाचरीसारखी बसते. ओळखीच्या कारागिराने गॅसची बत्ती काढली. गंजलेला नट तापवून सुटतो, हा त्याचा रोजचा अनुभव. इथे मात्र गणित उलटं आहे. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणजे सगळंच तापलं तर दांडा आणखी घट्ट आवळणार. शिवाय रंग जळेल तो वेगळाच.

त्याला थांबवलं. गंज सोडवणारं तेल दोन दिवस मुरू दिलं. मग दोन्ही पेडलांना जोडणारा मधला आस काढून सायकल उलटी केली, दांड्याचं डोकं व्हाइसमध्ये (लोखंडी पकडीत) पकडलं आणि आसाच्या मोकळ्या भोकातून सीटच्या नळीत बर्फाचा चुरा भरला. हिशेब केला तर २७.२ मिमीच्या दांड्यात, २५ अंशांच्या फरकाने, सुटणारी फट ०.००८ मिमीसुद्धा नाही. केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा भाग. पण भुकटीचा थर ठिसूळ असतो, त्याला तेवढं पुरतं. अख्खी फ्रेम तरफेसारखी दोन्ही हातांनी धरून फिरवली. तिसऱ्या हिसक्याला ‘कट्ट’ असा आवाज आला आणि नळीतून राखाडी चिखल खाली ओघळला. त्या आवाजाने झालेला आनंद मला नव्या सायकलीने कधी दिला नव्हता.

बाकीचं सोपं होतं. पैसे घालायचे तर जिथे धातू धातूवर फिरतो तिथे: सगळे छर्रे नवे, ग्रीस नवं, चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) जोडीनेच नवं, ब्रेकच्या तारा आणि रबरं नवी. रंग तसाच ठेवला. जुन्या बाजारात ७०० सी मापाची चाकं मिळाली, दुकानात त्यांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला. जुन्या २७ इंची रिमपेक्षा ही व्यासाने ८ मिमी लहान, म्हणून ब्रेकची रबरं ४ मिमी खाली सरकवावी लागली. मागचं चाक आसापाशी ६ मिमी जास्त रुंद निघालं, तेव्हा फ्रेमच्या मागच्या नळ्या दोन्ही बाजूंना हळूहळू ताणून तीन-तीन मिमी बाहेर काढल्या. पुरेसं ताणलं की पोलाद वाकवलं तिथे राहतं. कार्बन फायबरच्या फ्रेमवर हे करू गेलात तर ती तडकेल.

दांडा परत बसवताना त्याला ग्रीसचा जाड थर दिला, म्हणजे पाण्याला वाट नको. आता दर खंडेनवमीला, झेंडूचा हार घालण्याआधी, तो दांडा बाहेर काढतो, पुसतो आणि पुन्हा ग्रीस लावून बसवतो.