कागदी ब्रिकेट

कागदी ब्रिकेट म्हणजे रद्दी भिजवून, लगदा करून, दाबून वाळवलेलं घरगुती जळण. बाजारात भुशाचा कांडी कोळसा मिळतो त्याचंच हे भावंड, पण कारखान्यात मशीनच्या दाबानं आणि गरमीनं लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना जोडून ठेवणारा पदार्थ, मऊ होतं आणि भुसा धरून ठेवतं, घरी तेवढा दाब कुठला, म्हणून इथं ते काम कागदाचे तंतू करतात, भिजले की सुटे होतात आणि वाळताना एकमेकांत गुंततात. खळ-डिंक काही लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं ज्यांच्या न्हाणीत अजून पाणी तापवायचा बंब आहे त्यांच्या कामाची ही वस्तू, आणि मराठी-कन्नड दोन्ही पेपर येणाऱ्या घरात रद्दीला काय तोटा.

कागद फाडून २-३ दिवस बादलीत भिजवायचा, मग काठीनं घोटायचा. मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीतनं पाणी यावं आणि उघडल्यावर गोळा फुटू नये, शेणी थापणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यात सॉ मिलचा भुसा, भाताचं तूस, चुरलेलं पाचट घालता येतं, फार झालं तर कडा झडतात. साचा म्हणजे भोकं पाडलेला डबा किंवा पाइपचा तुकडा. मधे दांडा उभा करून आरपार भोक ठेवलं तर हवा खेळते, जुन्या भुशाच्या शेगडीत मधे बाटली उभी करून भुसा ठासायचे तीच युक्ती.

सगळा खेळ वाळवण्याचा आहे. कांडी वरनं कडक झाली तरी पोटात ओल राहते, आणि ओली कांडी बरीच ताकद स्वतःचं पाणी उडवण्यातच घालवते आणि न्हाणीभर धूर करते ते वेगळंच. संक्रांतीनंतर करायला घ्यावं, मृगाच्या आत उरकावं. आम्ही एकदा मे अखेरीला केल्या, घाईनं पोत्यात भरल्या, श्रावणात तोंड सोडलं तर सगळ्यांवर पांढरी बुरशी. तेव्हापासून पोतं भरायच्या आधी एक मोडून आतला भाग गालाला लावून बघतो, गार लागला की परत उन्हात.

१ किलो कोरड्या कागदात साधारण १५ मेगाज्यूल उष्णता असते, लाकडाच्या जवळपास, गॅसच्या एक तृतीयांश. पण राख मात्र लाकडापेक्षा कितीतरी जास्त, कारण छपाईच्या कागदात चिनी माती आणि चुनखडी भरलेली असते. चकचकीत मासिकं, प्लास्टिकचा थर असलेले चहाचे कप, एटीएमच्या पावत्या यात घालू नयेत. शाईमुळं भाकरी किंवा वांगं थेट या निखाऱ्यावर भाजू नये, पाणी तापवायलाच वापरावं.

पेटायला जरा आळशी, खाली काटक्या लागतात. आणि बंबाची जाळी राखेनं लवकर बुजते, मधेमधे सळईनं ढोसत राहावं लागतं.