भटारखान्यातील भात, फडके आणि हात

चायनीजच्या गाडीवर संध्याकाळी लागणारा भात बहुधा दुपारीच शिजवून ठेवलेला असतो, कारण गरम, ओलसर भात परतताना त्याचे गोळे होतात आणि निवलेला भात मोकळा राहतो. नेमक्या याच सोयीचा फायदा बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू घेतो. मातीतून तांदळावर आलेले त्याचे बीजाणू, म्हणजे जिवाणूचे टणक, सुप्त रूप, शिजवताना मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पातेल्यात राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास तापवले तरी टिकून राहते, त्यामुळे नंतर कढईखाली कितीही मोठा जाळ केला तरी तो भात निर्धोक होत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील चिनी उपाहारगृहांतल्या फ्राइड राइसमुळे झालेल्या विषबाधांचा शोध घेताना ही साखळी उलगडली. भात उथळ परातीत पसरून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा, हा उपाय आचाऱ्याला सांगणे सोपे आहे. मात्र गाडीवर फ्रिज नसेल, तर तो उपाय पाळायचा कसा, हे सांगणाऱ्यानेही पाहायला हवे.

जंतू अन्नात शिरण्याचा दुसरा मार्ग हातांचा. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू निरोगी माणसांपैकी सुमारे २० ते ३० टक्के लोकांच्या नाकात कायम वस्तीला असतो. नाकाला किंवा चिघळलेल्या जखमेला लागलेला हात शिजलेल्या पदार्थाला लागला आणि तो पदार्थ उबेत राहिला, की याचेही विष तयार होते आणि तेही उकळल्याने नष्ट होत नाही. हातमोजे घातले म्हणजे प्रश्न सुटला, असे अनेक मालकांना वाटते. पण त्याच मोज्यांनी सुट्टे पैसे घेतले, कच्चे चिकन हाताळले आणि मग कोशिंबीर वाढली, तर मोजा आणि उघडा हात यांत काही फरक उरत नाही. ओट्यापासून टेबलापर्यंत सगळीकडे फिरणारे ओले फडके तर जंतूंना ओलावा आणि खरकटे दोन्ही पुरवते. साबणाने धुतलेले हात अशाच फडक्याला पुसले, तर धुण्याचे श्रम वाया जातात.

टायफॉइड आणि कावीळ यांचा धोका मात्र डोळ्यांना दिसतच नाही. टायफॉइड झालेल्यांपैकी सुमारे २ ते ५ टक्के लोकांच्या शरीरात, विशेषतः पित्ताशयात, बरे झाल्यावरही जिवाणू राहतो आणि शौचावाटे बाहेर पडत असतो, तर ‘हिपॅटायटिस ए’चा विषाणू डोळे पिवळे होण्याच्या आधीच सर्वाधिक पसरतो. संसर्गानंतर ही कावीळ दिसायला सरासरी २८ दिवस लागत असल्याने, कोणत्या हॉटेलात काय खाल्ले होते, हे रुग्णाला तोवर आठवत नाही. म्हणूनच भारतीय अन्न सुरक्षा नियमांच्या परिशिष्ट ४ मध्ये कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांविरुद्ध लसीकरण या अटी आहेत, आणि दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची अपेक्षा आहे.

विकसनशील देशांतील अनेक पाहण्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते: प्रश्नावलीत बरोबर उत्तरे देणारे कामगार प्रत्यक्ष कामात तसे वागतातच असे नाही. याचे कारण केवळ त्यांच्या आळसात शोधणे मला अन्यायाचे वाटते. हात धुण्याचे बेसिन दुसऱ्या टोकाला, नळाला पाणी ठरावीक वेळीच आणि दुपारच्या गर्दीत वाढप्याच्या नावाने चाललेला पुकारा, अशा स्थितीत शिकवलेले मागे पडते. चुलीजवळच साबणासह स्वतंत्र नळ बसवला, तर भिंतीवरच्या फलकापेक्षा तो अधिक उपयोगी पडेल. मोठी अडचण मजुरीची आहे. नोरोव्हायरससारख्या संसर्गात जुलाब-उलट्या थांबल्यानंतरही किमान ४८ तास अन्नाला हात लावू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. परंतु ज्याची रोजची मजुरी खाड्यागणिक कापली जाते, त्या वाढप्याने आपले पोट बिघडल्याचे मालकाला सांगावे, यासाठी त्या दोन दिवसांचा पगार मालकानेच द्यायला हवा.