झिंग्याच्या मिशीतली वाळू

नागपूरच्या मंगळवारी बाजारात परवा सुकट घेताना मावशी म्हणाल्या, "झिंग्याचे पिल्लं होय जी हे." समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे हा समज आम्हा नागपूरकरांत पक्का बसलेला. पण सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, आणि जवळा कुणाचंच पिल्लू नव्हे. दोन-चार सेंटिमीटरचा, अंडी घालणारा, पुरता वाढलेला प्राणी आहे तो. जिवंतपणी काचेसारखा पारदर्शक. किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी झुंडीने राहतो. कोळी त्याला डोल नावाच्या पिशवीसारख्या जाळीत धरतात. कोळंबी, म्हणजे आपला झिंगा, 'दशपाद', म्हणजे चालायचे पाय दहा. जवळ्याच्या मागच्या दोन जोड्या गळाल्या, उरले सहा.

गढूळ पाण्यात वर कुठे नि खाली कुठे हे कळतं कसं? अनेक कोळंब्यांच्या लहान मिशांच्या बुडाशी एक इवलासा खड्डा असतो. आत बारीक केस, त्यांवर वाळूचे कण. अंग कललं की कण सरकतात, केस वाकतात, मज्जातंतू खबर देतात. गंमत पुढेच आहे. खड्ड्याचं अस्तरही कवचाचंच, त्यामुळे कात टाकली की वाळूही जाते! मग नवी वाळू भरावी लागते.

1893 साली व्हिएन्नाच्या अलॉइस क्राइडल या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने नेमकं हेच हेरलं. कात टाकणाऱ्या कोळंब्यांना त्याने वाळूऐवजी लोहकीस दिला. त्यांनी तोच भरला. मग चुंबक वर धरलं, तर कोळंब्या उलट्या झाल्या! बाजूने धरलं, तर गुरुत्वाची आणि चुंबकाची ओढ मिळून जी तिरपी दिशा येते, तिलाच त्या 'खाली' समजल्या आणि तेवढ्या कलल्या.

रक्तातलं लोह खेचलं जाईल म्हणून चुंबकाचे पट्टे गुडघ्याला बांधणाऱ्यांसाठी एक सांगतो: इथे चुंबक चाललं ते आत लोहकीस होता म्हणून. आपल्या रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं असतं, पट्टा ते ओढून नेत नाही.

क्राइडलची कोळंबी पॅलिमॉन कुळातली. आपल्या वैनगंगेतले मोठ्या नांग्यांचे झिंगेही त्याच कुळातले. त्यांच्या माद्या अंडी पोटाखाली धरून फिरतात. जवळ्याची मादी मात्र ती थेट पाण्यात सोडून मोकळी होते. मावशींच्या टोपलीतला जवळा आणि शेजारच्या टोपलीतला नदीचा झिंगा, दोघांत नातं आहे, पण फार लांबचं.