'मान्य आहे' म्हणजे नेमकं काय मान्य?

हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरवरून खटला उभा राहिला की कंपनीचा बचाव ठरलेला असतो: करारात सगळं लिहिलं होतं, वापरणाऱ्याने ते मान्य केलं होतं. अमेरिकेतल्या स्पेक्ट विरुद्ध नेटस्केप खटल्यात हा बचाव टिकला नाही. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीचा 'स्मार्टडाउनलोड' हा फुकट प्रोग्रॅम, लोक कोणत्या फाइली उतरवतात याची खबर कंपनीला देतो, असा आरोप होता. करारात लवादाचं (वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे सोडवण्याचं) कलम असल्याने प्रकरण कोर्टात येऊच शकत नाही, असं कंपनीचं म्हणणं. न्यायाधीशांनी मग वेबपानाची मांडणी तपासली. डाउनलोडचं बटण समोरच होतं. कराराचा उल्लेख मात्र त्याच्या खाली, पान सरकवल्याशिवाय न दिसणारा. त्यामुळे बटण दाबणं ही कराराला दिलेली संमती ठरत नाही, असा निकाल अपील न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये दिला. (खबर खरंच जात होती का, हा प्रश्न या निकालात सुटला नाही. लवाद तेवढा टळला.)

यानंतरची पळवाट सोपी होती: करार समोर ठेवायचा, नको ती गोष्ट त्यात पुरायची किंवा गाळायची. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी संगणकात घातल्या की करार दिसायचा. पण कॉपी रोखणारा प्रोग्रॅम स्वतःच्या फाइली विंडोजपासून लपवतो, हे त्यात नव्हतं. त्याच आडोशाला पुढे दुसऱ्यांचे व्हायरसही लपले.

सीअर्सचं प्रकरण जास्त बोलकं आहे. या दुकानदार कंपनीने ग्राहकांना १० डॉलर देऊन एक प्रोग्रॅम बसवायला लावला आणि सांगितलं एवढंच की तुमचं 'ऑनलाइन ब्राउझिंग' नोंदलं जाईल. प्रत्यक्षात बँकेची विवरणपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्यांच्या नोंदी, वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांची यादी, वेबमेल कोणाकडून कोणाला गेला हेही टिपलं जाई. हे सगळं करारात होतं, पण सरकत्या चौकटीत साधारण ७५ व्या ओळीपासून पुढे. फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने) २००९ मध्ये यालाच फसवणूक म्हटलं. गोळा केलेली माहिती नष्ट करा, आणि यापुढे असं काही टिपायचं तर ते कराराबाहेर, वेगळ्या पडद्यावर, बसवण्याआधी सांगा, असा आदेश निघाला.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ मालकाच्या 'परवानगीशिवाय' संगणकात शिरून माहिती काढायला मनाई करतं. परवानगी कशी घ्यायची, हे ते सांगत नाही. ती उणीव २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ६ ने भरली. त्यातलं उदाहरणच पाहा: टेलिमेडिसिन (दूरवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या) ॲपने उपचारासोबत फोनमधल्या संपर्कांचीही परवानगी मागितली आणि ते वापरणाऱ्या बाईंनी दोन्हीला होकार दिला, तरी संमती उपचारापुरतीच धरली जाते. वाद झाला तर सूचना दिली होती आणि संमती घेतली होती, हे कंपनीनेच सिद्ध करायचं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मात्र संमतीची कलमं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे.